रकान्यासाठी कापलेला पाय

मित्रांनो, मी एक जुना व्हाइस आहे. शाळेच्या कार्यशाळेत मोठ्या टेबलाच्या कडेला चार बोल्टांनी पक्का बसवलेला लोखंडी जबडा. दांडा फिरवला की मी जबडा मिटतो, उलटा फिरवला की उघडतो. काम एवढंच. पण धरलेल्या लाकडात कुठे चीर आहे, कुठे गाठ आहे, हे माझ्याइतकं कुणाला कळत नाही. म्हणून तर पुढची गोष्ट सांगताना मला अजून अस्वस्थ व्हायला होतं.

वितळलेलं लोखंड वाळूच्या साच्यात ओतून मला घडवलं, जबड्याला दात पाडले आणि निळा रंग दिला. सुरुवातीची वर्षं मी दारं-खिडक्या करणाऱ्या एका सुताराकडे काढली. त्याने दुकान बंद केलं तेव्हा शाळेतल्या कार्यशाळेच्या सरांनी मला मागून आणलं. सर तिरसट, पण कामाला चोख. त्यांची एक रीत होती. स्टूल केलंस? मग सगळ्यांसमोर आधी तूच त्यावर उभा राहा. फळी ठोकलीस? मग तुझं दप्तर तिच्यावर ठेव आणि तू खाली बस. त्या धाकाने मुलं असे सांधे जुळवायची की बघत राहावं. मला वेळच्या वेळी तेल मिळायचं, आणि सर जाता-येता माझ्या पाठीवर थाप मारायचे. काय ते दिवस होते!

सर निवृत्त झाले आणि मॅडम आल्या. मॅडम वाईट नव्हत्या, हे आधीच सांगून ठेवतो. मुलांचे प्रकल्प सुधारावेत म्हणून त्यांचा जीव तुटायचा. त्यांनी प्रत्येकाला एक छापील वही दिली. दर पानावर तीन रकाने: काय केलं, काय दोष आढळला, काय सुधारणा केली. कल्पना झकास होती, पण सगळ्यात जास्त मार्क तिसऱ्या रकान्याला. मग ज्याचं काम पहिल्या फटक्यात नीट जमलं, त्याचीच पंचाईत! दोष नाही तर सुधारणार काय, कपाळ? मुलं हुशार. आधी वस्तू पूर्ण करायची आणि मागाहून वहीत चुकलेली चित्रं काढायची. पुढे मॅडम दोषाचे फोटोही मागायला लागल्या. तेव्हा चांगल्या वस्तूलाच मुद्दाम खोट पाडायची, फोटो काढायचा आणि दुरुस्त करायची, असं सुरू झालं. हे सगळं माझ्या जबड्यात धरून चालायचं. हे एक दिवस कुणाच्या तरी अंगाशी येणार, असं मला सारखं वाटायचं.

त्या वर्षी वरच्या वर्गात एक मुलगी होती. सगळे तिला मोजपट्टी म्हणायचे, कारण अर्ध्या मिलिमीटरवरून ती स्वतःशीच भांडायची. तिने आजोबांसाठी दोन पायऱ्यांचं स्टूल केलं. वरच्या फळीवरची पुस्तकं काढायला ते डुगडुगत्या खुर्चीवर चढायचे आणि घरच्यांच्या काळजाचं पाणी व्हायचं. स्टुलाचे चारही पाय मी धरले होते. एकातही खोट नव्हती.

मॅडमनी तिची वही चाळली. "तिसरा रकाना कोरा आहे गं," त्या म्हणाल्या. "सोमवारी बाहेरचे परीक्षक येणार. हातचे मार्क जातील. काहीतरी दाखव."

एखादा कोपरा गोल करेल, असं मॅडमना वाटलं असावं. मोजपट्टीने मागचा एक पाय माझ्यात आवळला, करवत घेतली आणि आतल्या बाजूने तो निम्म्यापर्यंत कापला. करवत अडकावी म्हणून मी दातओठ खात होतो. ती अडकली नाही. मुलीने फोटो काढला आणि सुबक अक्षरात लिहिलं: लाकडात चीर आढळली, आतून लाकडी खुंट्या बसवून पाय मजबूत केला. वहीच्या शेवटच्या, चाचणीच्या पानावरही न तपासताच लिहून टाकलं: ऐंशी किलो वजन, पाच मिनिटं, पास.

खुंट्या मात्र बसल्याच नाहीत. तास संपत आला होता. तिने भुसा आणि सरस कालवून फट बुजवली, काचकागद मारला आणि वर पॉलिश चढवलं. खुंट्या परीक्षेनंतर बसवते, असं ती मैत्रिणीला म्हणाली.

सोमवारी परीक्षक आले. स्टुलावर कुणी चढलं नाही. परीक्षकांनी तिसरा रकाना वाचला, मान डोलावली आणि मोजपट्टी पहिली आली. संध्याकाळी आजोबा स्वतः स्टूल न्यायला हजर. पायऱ्यांवरून हात फिरवताना त्यांचे डोळे भरून आले होते. मुलीचा चेहरा मात्र पडला.

"आजोबा, दोन दिवस इथेच राहू दे. थोडं काम राहिलंय."

"पहिली आलीस ना? मग आणखी काय राहिलंय?"

मॅडम शेजारी होत्या, परीक्षकही होते. मुलीने कापलेल्या पायावरून बोट फिरवलं आणि हात मागे घेतला. अगं बोल, बाई, बोल! एका वाक्याचं तर काम होतं. मार्क गेले असते, दुसरं काय? आजोबा स्टूल काखेत मारून दाराबाहेर पडले, आणि मी इथे टेबलाला जखडलेला.

आठ दिवस ती शाळेत आली नाही. नवव्या दिवशी आली ती स्टुलाचा तुटलेला पाय घेऊनच. मॅडमनी तो माझ्यात धरला आणि उजेडात पाहिला. अर्धी बाजू ताजी, खडबडीत. अर्धी सपाट, करवतीने कापलेली, भुसा चिकटलेला. आजोबा कसे आहेत, असं त्यांनी विचारलं. खुब्याचं हाड मोडलंय, पुन्हा चालतील की नाही ते डॉक्टरांनाही सांगता येत नाही, असं मुलीने सांगितलं.

"तू त्यांना खरं सांगितलंस?"

"नाही." ती पायाकडे बघत होती. "ते भेटायला येणाऱ्या सगळ्यांना सांगतात, स्टूल चांगलंच होतं, माझाच तोल गेला."

चूक आपलीही आहे, असं मॅडम म्हणाल्या. पण त्या म्हणण्याने हाड थोडंच जुळणार होतं?

मित्रांनो, आपल्या कामातला दोष जरूर शोधा, पण खरा शोधा. नाही सापडला तर रकाना खुशाल कोरा ठेवा. आणि काम अर्धं राहिलं असेल, तर वस्तू दाराबाहेर जायच्या आधी चारचौघांत सांगून टाका, मार्क गेले तरी चालतील. मोजपट्टीला ते अजून जमलेलं नाही. आजोबा म्हणे अंथरुणात पडल्या पडल्या तिला रोज विचारतात, तसंच दुसरं स्टूल कधी करून देणार.