पहिलं नाव

आमच्याकडे दोन माणसं दाराशी आली की आत कुणीच जात नाही. "आधी तुम्ही." "छे, आधी तुम्ही." ह्या सगळ्याला आम्ही इराणी लोक तारोफ म्हणतो. भाजीवाला म्हणतो, "घेऊन जा, तुमचंच आहे," आणि जो खरंच पिशवी उचलून चालू लागेल तो एक तर परदेशी, नाही तर बेशरम. मी मशहदचाच आहे.

दीड वर्षापूर्वी माहरोख पहिला शोधनिबंध घेऊन आली. माझी पीएच.डी.ची विद्यार्थिनी, कायेन गावच्या केशरवाल्यांची मुलगी. केशराचे कंद कुजवणारी एक बुरशी तिनं शोधून काढली होती. तीन वर्षं ती मळ्यामळ्यात बसून कंद उकरत होती आणि मी इथे हीटरशेजारी बसून "छान, छान" म्हणत होतो. कागद टेबलावर ठेवून ती म्हणाली, "पहिलं नाव तुमचंच शोभेल, उस्ताद. सगळं तुमचंच आहे."

ह्यावर काय म्हणायचं ते शेंबडं पोरही सांगेल. मी "छे छे, मेहनत तुझी" म्हणायचं, तिनं पुन्हा आग्रह करायचा, मी पुन्हा नको म्हणायचं. तिसऱ्या खेपेला तिचं नाव वर राहतं आणि दोघांची अब्रूही. पण त्या वर्षी माझ्या बढतीला एक निबंध कमी पडत होता. मी म्हणालो, "बरं, तू म्हणतेस तर."

तिचा हात क्षणभर कागदावरच राहिला. मग "जशी आज्ञा" म्हणून ती गेली.

बढती झाली. मी मिठाई वाटली, निर्लज्जासारखी तिलाही दिली. पण आमच्या विद्यापीठात पहिलं नाव आपलं असलेला एक निबंध छापून आल्याशिवाय तोंडी परीक्षेला बसू देत नाहीत. "दुसरा करू गं," असं मी तिला सांगत राहिलो आणि दुसरा काही झाला नाही. ह्या महिनाअखेर तिची मुदत संपत होती. मग नोंदणी रद्द, सहा वर्षं पाण्यात.

काल तिच्या मुदतवाढीच्या अर्जावर समितीची बैठक झाली. विभागप्रमुख नीकबीनबाईंनी तिला सरळ विचारलं, "खानम, हे काम नक्की कुणाचं?"

"उस्तादांचंच. मी नुसते कंद उकरले."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. आता बोलायची पाळी माझी होती. मी म्हणालो, "मुलगी कष्टाळू आहे." एवढंच. मुदतवाढ नाकारली गेली.

व्हरांड्यात मी तिला गाठलं. "शरमिंदा आहे मी, माहरोख."

रोट्या संपल्या की आमचा भट्टीवालाही हेच म्हणतो, आणि त्याचं उत्तरही ठरलेलं आहे. "शरमिंदा होवो तुमचा वैरी, उस्ताद," ती म्हणाली. दोन पावलं जाऊन वळली. "रागावू नका, पण विचारते. हे खरं म्हणालात, की तारोफ?"

माझे कान तापले. मी परत बैठकीच्या खोलीत शिरलो. मंडळी चहा घेत होती.

"निबंधावर पहिलं नाव तिचं हवं होतं," मी म्हणालो. "काम तिचं आहे."

"काय हा मनाचा मोठेपणा," नीकबीनबाई म्हणाल्या. "उस्ताद असावा तर असा."

"मोठेपणा नाही. मी तिचं काम लाटलं."

"आता लाजवू नका, डॉक्टर. बसा, चहा घ्या," कुणीतरी हसत म्हणालं.

"मी त्यातला एक कंदसुद्धा हातात धरलेला नाही," मी म्हणालो. "जर्नलला तसं पत्र लिहितोय. तुम्ही सगळ्यांनी खाली सह्या करा."

तिसऱ्यांदा कुणी हसलं नाही.

नीकबीनबाईंनी पेला खाली ठेवला. "मग दीड वर्ष गप्प का होतात?"

"बढती हवी होती," मी म्हणालो.

माहरोख माझ्या मागोमाग आली होती. ती दारात मान खाली घालून उभी होती, जणू चोरी तिनंच केली होती.