ओघळ नको म्हणून

बसडेपोत उभं आयुष्य गाड्या धुण्यात गेलं, म्हणून लोक त्याला चकाचक म्हणायचे. नाव इतकं अंगवळणी पडलेलं की खऱ्या नावाने कुणी हाक मारली तर तो आधी मागे वळून बघायचा, दुसरं कुणी आहे का म्हणून. निवृत्त झाला तरी हात स्वस्थ बसेनात. शेजारणीची सायकल धू, समोरच्यांच्या फाटकावर पाणी मार. बायको म्हणायची, "घरात कधी एक कपबशी विसळली नाहीत, आणि जगाचं फडकं खांद्यावर घेऊन हिंडता." तो नुसता हसायचा. स्वभावाने लाख माणूस, पण कौतुकाचा भुकेला. पोटाची भूक माणूस पाणी पिऊन मारतो. कौतुकाच्या भुकेला तसलं औषध देवाने केलेलंच नाही.

मुलगी दिली होती ती सुताराच्या घरात. व्याही कपाटं, पलंग, टेबलं करायचे आणि जुन्या पिकअपच्या हौद्यातून ती घरोघर पोचवायचे. कारखान्याच्या गल्लीत गाडी लावायला जागा नव्हती, म्हणून जावई संध्याकाळी ती चकाचकच्या अंगणात आणून लावायचा आणि सकाळी घेऊन जायचा. मग काय, आंधळा मागतो एक डोळा अन् देव देतो दोन! चकाचक रोज पहाटे उठून गाडी धुवायचा. जावई आला की किल्ली हातात देत म्हणायचा, "बघा जावईबापू, केस विंचरून घ्या तिच्या दारात."

एकच गोष्ट त्याला सलायची. गाडी पुसून कोरडी केली तरी दारांच्या खालून थेंब थेंब पाणी येत राहायचं, आणि पायरीवर मातकट ओघळ उठायचे. डेपोतही हे व्हायचं. तिथे साहेबांची तपासणी असली की तो दाराखालच्या त्या बारीक भोकांत साबणाचे बोळे बसवायचा आणि साहेब गेले की काडीने काढून टाकायचा. इथेही त्याने साबण लावून बघितला, पण रोजच्या पाण्याने तो विरघळून जाई. शेवटी एकदा त्याने पुट्टी आणली. दारांची आणि दारांखाली पायरी होणाऱ्या लांब पोकळ पट्ट्यांची सगळी भोकं नीट बुजवली, अंगठ्याने गुळगुळीत केली, वर गाडीचाच निळा रंग लावला. ओघळ बंद झाले. जावई म्हणाला, "बाबा, जादू केलीत की काय?" चकाचकने मिशीत हसून विषय बदलला. कारागिराची खुबी कुणी सांगत नसतं.

असे दोन पावसाळे गेले. निळा रंग आरशासारखा चमकत राहिला.

पुढच्या महिन्यापासून गाडी आणि पोचवण्याचं सगळं काम मुलाच्या हाती द्यायचं व्याह्यांनी ठरवलं होतं. चकाचकच्या मुलीने तर स्वतंत्र कारखान्यासाठी एक शेडही बघून ठेवली होती. आणि नेमके त्याच दिवसांत व्याही एकदा गाडीतून उतरायला गेले, तर पायरीने त्यांचा पाय घोट्यापर्यंत गिळला. हाड वाचलं, पण नडगी सोलून निघाली.

गाडी गॅरेजमध्ये गेली. गॅरेज चालवणाऱ्या बाईला सगळे ठिणगी म्हणायचे, वेल्डिंग करते म्हणूनही आणि तोंडामुळेही. व्याही, जावई आणि चकाचक तिघेही तिथे होते. ठिणगीने पेचकस घेऊन पट्टीला खालून टोचलं, तर तो लोण्यात शिरावा तसा आत गेला. तपकिरी पापुद्रे खाली पडले आणि त्यांच्यामागून वास मारणारं पाणी.

"वरून नवरी आणि खालून चाळण," ठिणगी म्हणाली. "अहो, काचेच्या फटीतून, दाराच्या कडेतून पाणी आत जाणारच. ते बाहेर पडावं म्हणून गाडीला खाली भोकं दिलेली असतात. ही बघा, बुजवलीत! पाणी आतच मुरलं, आतून खात बसलं. कोणाच्या डोक्यातून निघालं हे?"

व्याही मुलाकडे वळले. "तूच. मागे काचेला सीलंट लावत होतास ना? हाताला लागेल तिथे थापलं असशील."

"अप्पा, मी काचेलाच लावलं होतं..." जावई गोंधळला. "म्हणजे, खाली नाही लावलं बहुतेक."

"बहुतेक!" व्याही कडाडले. "लाकडाला खिळा मारताना बहुतेक म्हणतोस का रे? आणि याच्या हाती मी गाडी द्यायला निघालो होतो. गाडी राहू दे, शेड राहू दे. अजून पाच वर्षं रंधा मार माझ्यासमोर."

गॅरेजमधली दोन-तीन गिऱ्हाइकं माना वळवून बघू लागली. जावयाचे कान लाल झाले. चकाचक त्याच्या शेजारी, हातभर अंतरावर उभा होता. जिभेच्या टोकाशी शब्द आले होते. फक्त तोंड उघडायचं होतं. पण उघडलं ते भलतंच बोललं.

"जाऊ द्या हो व्याही," तो म्हणाला, "लहान आहेत. चुकतं माणूस."

हे वाक्य तोंडातून निघालं मात्र, आणि त्याला वाटलं, त्या पट्टीतलं घाण पाणी आपणच घोटभर प्यायलो. गप्प बसला असता तर एक पाप झालं असतं. त्याने वर क्षमाही वाटली, आणि तीही स्वतःच्या गुन्ह्याची, दुसऱ्याला!

घरी आल्यावर मुलीचा फोन आला. ती रडत नव्हती, तेच वाईट होतं. "बाबा, हे म्हणतात, चूक माझीच असेल. कधी केली ते आठवतही नाही म्हणतात. असं होतं का हो माणसाचं?" चकाचक म्हणाला, "होतं बाळा." फोन ठेवून तो देवासमोर बसला. हात जोडले आणि म्हणाला, "देवा, यातून मला सोडव." सांगण्याचं बळ दे, असं नाही म्हणाला. मला सोडव, म्हणाला. देव ऐकतो सगळं. पण आपण दाखवू त्याच दाराने बाहेर काढीन, असा शब्द त्याने कुणाला दिलेला नाही.

दुसऱ्या दिवशी चकाचक जुने कपडे घालून गॅरेजमध्ये हजर. "माणसं कमी असतील तर मी गंज खरवडतो," म्हणाला. अंग मोडून काम करायचं म्हणजे पाप फिटेल, असा हिशेब. ठिणगीने तारेचा ब्रश दिला आणि गाडी वर उचलून खाली लाकडी ठोकळे लावले. तो पाठीवर झोपून आत सरकला आणि घासू लागला. व्याही लंगडत आले, त्याचे पाय बघून थबकले. मग मुलाला म्हणाले, "बघ. या वयात गाडीखाली झोपलाय माणूस. आपली गाडी नाही, आपली चूक नाही. शीक काही सासऱ्यांकडून!"

कौतुक आलं, ते असं आलं. आयुष्यभर ज्याच्यासाठी झुरला, ते आता गाडीखाली त्याच्या छातीवर दगडासारखं येऊन बसलं. गाडी ठोकळ्यांवर पेलली होती. त्याला ती अंगावर आली असती तर बरं, असं वाटलं.

जावई शेजारी येऊन झोपला. तोंडावर धूळ, आवाजात राग नाही. "बाबा, खरंच शिकवा. पुन्हा असं होऊ नये म्हणून काय काय करायचं?"

"हे बघा," चकाचक म्हणाला. "धुवायची ती नुसती वरून नाही. खालून, चाकांच्या कोपऱ्यांतून. चिखल साचतो तिथे ओल धरते. मग दारं उघडी टाकून वाळू द्यायची. आत, पोकळ जागेत, मेणाचं तेल फवारायचं नळीने. ओल्यावर नाही हं, पूर्ण वाळल्यावर. आणि ही भोकं..."

ब्रशखाली निळ्या रंगाचा एक पापुद्रा उडाला होता. आत पुट्टी, आणि पुट्टीवर अंगठ्याच्या रेषा, स्वच्छ.

"ही भोकं?" जावयाने विचारलं.

"मी बुजवली."

जावयाने त्या रेषांवरून बोट फिरवलं.

"ओघळ दिसायचे. तुम्ही सकाळी याल आणि ओघळ बघाल, म्हणून. दोन वर्षं झाली. काल मला ठिणगीच्या पेचकसाआधी कळलं होतं. तरी मी तिथे उभा राहून तुम्हाला लहान म्हटलं."

मग जावई हळूच म्हणाला, "आता माझ्यावर आलंच आहे, बाबा. राहू द्या. अप्पांचा राग महिनाभरात उतरतो. तुमचं मात्र... त्या घरात तुमचा शब्द आहे."

ओरडला असता, शिव्या घातल्या असत्या, तर चकाचकने झेलल्या असत्या. पण हे झेलायला त्याच्याकडे पदर नव्हता. तो घाईघाईने बाहेर सरकला, इतक्या घाईने की कपाळ दारावर आपटलं. तसाच व्याह्यांसमोर उभा राहिला.

"व्याही, भोकं मी बुजवली. पोराने नाही."

ठिणगीने तोंडावरचा वेल्डिंगचा मुखवटा वर केला. "तरीच! एवढं सफाईचं काम सुताराच्या पोराचं नाही म्हटलं!"

"तू गप गं," व्याही म्हणाले. मग चकाचककडे बघत राहिले. "काल तुम्ही इथेच होतात."

"होतो."

"गाडीचं सोडा. पत्रा आहे, नवा बसेल. पण मी माझ्या पोराला चार लोकांत नाही नाही ते बोललो. तुम्ही शेजारी उभे राहून ऐकलंत. आणि वर मला समजावलंत?"

चकाचक मान खाली घालून उभा राहिला. चूक रागाच्या भरात झाली असती तर निदान भांडता तरी आलं असतं. ही तर मायेने केलेली चूक होती, आणि भित्रेपणाने लपवलेली.

जावई गाडीखालून बाहेर आला. व्याह्यांनी खिशातून किल्ली काढली. माफी मागायची तर बापाच्या जिभेला वळणच नसतं. त्यांनी किल्ली मुलाच्या हातात ठेवली, त्याच्या शर्टावरचे गंजाचे कण उगाच झटकले. "ती शेड... उद्या बघायला जाऊ. सूनबाईंनाही घे. छप्पर तपासायला हवं."

"हो अप्पा."

"आणि बहुतेक म्हणायची सवय सोड. नाही केलं तर नाही केलं म्हणायचं, ठणकावून. बापासमोरसुद्धा."

मग ते बाकावर जाऊन बसले, दुखरा पाय लांब करून, चकाचककडे पाठ फिरवून. चहा आला. त्यांनी आपला कप उचलला. आजवर कधी चकाचकच्या आधी कप तोंडाला न लावणारा माणूस एकटाच पीत राहिला. चकाचकला घरी जावंसं वाटलं आणि जाववेना. जाण्याचा हक्कही आपल्याला उरला नाही, असं वाटत तो तिथेच हात चोळत उभा राहिला.

चहा संपला. व्याह्यांनी मान न वळवता मुलाला हाक मारली.

"अरे, त्यांना विचार, डाव्या बाजूला किती भोकं बुजवलीत ते."

जावयाने चकाचककडे बघितलं. चकाचक म्हणाला, "चार."

"चार, अप्पा."

"ऐकलं मी. त्यांना म्हणावं, अजून बंदच आहेत ती."

चकाचक वाकला, ब्रश उचलला आणि डाव्या बाजूने पुन्हा गाडीखाली शिरला.