टॉवरच्या पायाला बांधलेलं गवत

मित्रांनो, मी एक जुनी दुर्बीण आहे. माझ्यासारख्या जुन्या वस्तू बोलायला लागल्या की आधी आपल्या चकाकीचं कौतुक सांगतात आणि मग अडगळीचं रडगाणं गातात. माझी चकाकी केव्हाच गेली आणि अडगळीबद्दल माझी काही तक्रार नाही. मला ठेवलं आहे ती जागा माझ्या लायकीचीच आहे. पण एका माणसाचं माझ्यामुळे वाटोळं झालं, ते कुणाला तरी सांगायला हवं. मोठी माणसं असलं ऐकून घेत नाहीत, म्हणून तुम्हाला सांगते.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. दोन पितळी नळ्या, वरून काळं कातडं, आत भिंगं. कुठल्याशा लढाईत एका साहेबाच्या गळ्यात मी लटकले, लढाई संपल्यावर मुंबईच्या जुन्या बाजारात विकली गेले. पुढे एकाहत्तर साली पुन्हा लढाई लागली. घाटावरून मुंबईकडे जाणाऱ्या विजेच्या तारांवर कोणी घातपात करील, या भीतीने डोंगरात राखणदार नेमले गेले, आणि मी कर्जत तालुक्यात आले. कशेळ्याच्या वरच्या अंगाला एका टेकाडावर पत्र्याची चौकी होती. लढाई पंधरा दिवसांत आटोपली. घातपात करणारा कोणी फिरकला नाही. चौकी मात्र राहिली, मी राहिले आणि राखणदार दामू राहिला.

दामू खालच्या गावातल्या बौद्ध वस्तीतला. पगाराची नोकरी लागलेला त्याच्या घराण्यातला तो पहिलाच. खाकी सदरा तो सणाच्या कपड्यासारखा घडी घालून ठेवायचा. मला तर त्याने डोक्यावर घेतलं होतं. बायकोच्या जुन्या लुगड्याचं मऊ फडकं फक्त माझ्या काचांसाठी राखलेलं होतं, आणि त्याला दुसऱ्या कोणी हात लावला तर घरात भांडण व्हायचं. तुटलेली तार, विजेच्या टॉवरवर तारा पेलणारी चिनी मातीची फुटलेली वाटी, टॉवरजवळ लागलेला वणवा, सगळं मी त्याला दाखवायचे. ‘दुरून डोंगर साजरे’ ही म्हण दामूपुरती मी खोटी पाडली, असा मला गर्व होता. दूर असं मी काही ठेवलंच नव्हतं.

चौकीसमोर दरी होती. दरीपलीकडच्या उतारावर तीन टॉवर आणि त्यांच्या वर ठाकरांची एक वाडी. त्या वाडीत नामा राहायचा. नामा आणि दामू यांचं नातं रक्ताचं नव्हतं, पाण्याचं होतं. छपन्न साली दामूच्या बापाने धर्म बदलला, तेव्हा गावाने त्यांचं पाणी तोडलं. दोन महिने ती माणसं डोंगर चढून वाडीच्या झऱ्यावर यायची. वाडीतही कुरकुर झाली. पण नामाची आई अंबूबाई झऱ्यावर जाऊन बसली आणि म्हणाली, “पाणी डोंगराचं हाय, तुमच्या बापाचं नाय.” मग कोणी बोललं नाही. आया हंडे भरायच्या आणि नामा-दामू दोघं दगडाखालचे खेकडे काढायचे. दामू तेव्हा अकरा वर्षांचा होता. हे तो मला पुसता पुसता कितीदा तरी बोलला असेल.

पंच्याहत्तर साली आणीबाणी आली. दुसऱ्या एका जिल्ह्यात कोणी तरी सुरुंग लावून टॉवर पाडला, अशी खबर आली. त्यानंतर चैत्रात एक साहेब चौकीवर आला. साधे कपडे, पायात कॅनव्हासचे बूट. तो कुठल्या खात्याचा, ते त्याने शेवटपर्यंत सांगितलं नाही. दामूने विचारलं तेव्हा तो म्हणाला, “वरचा.” तेवढं दामूला पुरलं.

साहेब म्हणाला, “दामू, समोरच्या वाडीवर नजर ठेव. कोण येतं, कोण जातं, टॉवरजवळ कोण थांबतं. दर आठवड्याला मला सांगायचं. आणि हे बायकोलाही कळता कामा नये.”

“वाडीतली मानसं गरीब हाईत, साहेब,” दामू म्हणाला.

“तेच मला तुझ्या डोळ्यांनी बघायचं आहे.”

अशी मी हेर झाले, मित्रांनो. भिंग तेच होतं, दामू तोच होता. पण आता तो विजेच्या तारा बघायचं सोडून माणसं बघायला लागला. ज्या बायांच्या हातची भाकरी त्याने खाल्ली होती, त्यांच्या डोक्यावरचे भारे तो मोजायला लागला. पहिले काही दिवस मला घेताना त्याचा हात अवघडायचा. मग हाताला सवय झाली. कशाचीही होते.

आणि एक दिवस माझ्यात नामा दिसला. तो मधल्या टॉवरच्या पायाशी उभा होता. त्याने वर बघितलं, कपाळावर आडवा हात धरून बराच वेळ बघितलं. मग खाली बसून टॉवरच्या लोखंडी पायाला गवताची एक पेंडी गुंडाळली आणि गाठ मारली. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला. टॉवरला वळसा घालून त्याने पावलं मोजली. तिसऱ्या दिवशी त्याच्या खांद्यावर दोराचं वेटोळं होतं.

दामूने मला खाली ठेवलं. लगेच पुन्हा उचललं.

त्या आठवड्यात साहेब आला तेव्हा दामू म्हणाला, “कुणी नाय आलं, साहेब.”

पुढच्या आठवड्यातही तो तेच म्हणाला. साहेबाने मला उचललं आणि स्वतः बघितलं. नामा तेव्हा तिथे नव्हता. पण टॉवरच्या पायाला बांधलेलं वाळकं गवत मी दाखवलं. मला लपवता येत नाही. माझी घडणच तशी.

“ते काय आहे?” साहेबाने विचारलं. दामू माझ्या फडक्याची घडी घालायला लागला. साहेब चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. तो शांतपणे म्हणाला, “दामू, तुझ्या समाजाला माणसात आणलं कोणी? या देशाच्या कायद्याने. तुझा पगार कोण देतं? आणि तो टॉवर उद्या पडला, खोपोलीचे कारखाने बंद झाले, तर पहिला तू आत जाशील. खबर दडवली म्हणून. मला नाव हवंय.”

यातलं धमकीचं दामूने एक वेळ झेललं असतं. पण पहिलं वाक्य त्याला लागलं. त्याचा बाप मरताना म्हणाला होता की पोरा, हे राज्य आपलं हाय, त्याच्याशी इमान राख. एका बाजूला ते इमान, दुसऱ्या बाजूला झऱ्याचं पाणी. आणि दामूला स्वतःलाही खरोखरच वाटलं की नामाच्या मनात काही तरी काळंबेरं असावं. नाही तर दोर कशाला? वरती बघणं कशाला?

“नामा हाय त्याचं नाव,” तो म्हणाला. “माझ्या भावावानी हाय, साहेब. निस्तं इचारून सोडा. मारू नका.”

“पाच मिनिटांचं काम आहे,” साहेब म्हणाला.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी दरीपलीकडे चार माणसं नामाला घेऊन उतरली. ते मी दाखवलं नाही, कारण दामूने मला हातच लावला नाही. संध्याकाळी अंबूबाई धापा टाकत चौकीवर आली.

“दामू, आरं नामाला गाडीत घालून नेला रं! मोहोळाला खूण बांधली म्हणून कुणी मानसाला नेतं का? तू सायबांच्यात असतोस, तू सांग त्यानला!”

दामू जागच्या जागी खाली बसला. मोहोळाची खूण! ती त्याला लहानपणापासून ठाऊक होती. रानात ज्याला मोहोळ दिसेल तो त्या झाडाच्या बुंध्याला गवताची गाठ मारतो, मग ते मोहोळ त्याचं. दुसरा कोणी शिवत नाही. नामाबरोबर त्याने स्वतः अशा गाठी मारल्या होत्या. पण त्या झाडाला. लोखंडाला गाठ मारलेली त्याने जन्मात पाहिली नव्हती, आणि सरकारी लोखंड म्हटल्यावर त्याची अक्कल तिथेच अडली. ठेकेदाराने उतारावरची मोठी झाडं तोडून नेली होती. मधमाशांना बसायला उंच जागा उरली नव्हती, म्हणून त्यांनी टॉवर धरला. नामाने रीतीप्रमाणे खूण बांधली, उघड्यावर, सगळ्यांना दिसावी म्हणून. पावलं मोजली ती धूर कुठे करायचा ते ठरवायला, आणि दोर होता वर चढून मोहोळ उतरवायला. अहो, घातपात करणारा कधी खूण बांधतो का?

दामू उठून धावतच पलीकडे गेला. मी त्याच्या गळ्यात होते. टॉवरच्या वरच्या आडव्या पट्टीला, डोंगराच्या बाजूने, परातीएवढं आग्या मोहोळ लटकत होतं. चौकीकडून ते दिसतच नव्हतं. दिसतं तसं नसतं म्हणतात, ते इथे माझ्या काचेतून खरं झालं.

दामूने कर्जत गाठलं, मग ठाणं, मग मुंबई. साहेबाचं नाव त्याला ठाऊक नव्हतं, खातं ठाऊक नव्हतं. प्रत्येक कचेरीत त्याला सांगितलं गेलं की असा माणूस आमच्याकडे नाही. नामाही नाही आणि साहेबही नाही. सत्त्याहत्तर साली तुरुंगाची दारं उघडली. सुटून आलेल्यांना लोकांनी हार घातले. दामू आणि अंबूबाई चार दिवस कर्जत स्टेशनवर बसून होते. नामा आला नाही. त्याचं नाव कुठल्याच यादीत नव्हतं, त्यामुळे तो मेला असं म्हणायलाही कोणी तयार नव्हतं.

त्यानंतर अंबूबाई रोज चौकीवर यायला लागली. दरी उतरून, दरी चढून. यायची, दारात बसायची आणि म्हणायची, “बघ रं दामू, तुझ्या नळीतून. येतोय का?”

दामू मला डोळ्यांना लावायचा. कशेळ्याच्या फाट्यावर एस.टी. थांबायची, माणसं उतरायची, पायवाटेला लागायची. मी एकेकाचा चेहरा दाखवायचे. “नाय मावशे,” दामू म्हणायचा. ती उठून निघून जायची. आपण काय केलं ते तिला सांगायचं, असं तो रोज ठरवायचा आणि रोज तेवढंच बोलून तिला जाऊ द्यायचा. त्याचं जेवण तुटलं. केस पिकले. मला पुसायचंही त्याने सोडून दिलं.

अशी चार वर्षं गेली. एक दिवस ती गुडघे धरून कशीबशी वर आली. दामूला ते बघवलं नाही. तो म्हणाला, “मावशे, आता नको येत जाऊ. नामाचं नाव मीच...”

“तूच सांगितलंस,” अंबूबाई म्हणाली. “ठावं हाय मला. पैल्याच सांजेला ठावं झालं. मोहोळाचं नाव काढल्यावर तू जसा बसलास ना, तवाच.”

“मग रोज कशापायी येत हुतीस, मावशे?”

“तुला रोज तिकडं बघाया लागावं म्हणून,” ती म्हणाली. “बघ. येतोय का?”

दामूने बघितलं. काच ओली झाली होती, मला काही दाखवता आलं नाही. तरी तो म्हणाला, “नाय मावशे.” ती दुसऱ्या दिवशीही आली. मरेपर्यंत येत राहिली, आणि ती गेल्यावरही दामू एस.टी.च्या वेळेला मला उचलत राहिला. पुढे चौकी मोडली आणि मला एका पत्र्याच्या पेटीत टाकलं. दामू आता कुठे बघत असेल, मला माहीत नाही.

मित्रांनो, मला पुसा, मला जपा, असं मी म्हणणार नाही. माझ्या भिंगांवर बुरशी चढली आहे, चढू दे. एवढंच मागते, की दुरून कोणी ओळखीचा माणूस दिसला आणि त्याच्याविषयी मनात काही आलं, तर माझ्यासारखीला खाली ठेवा आणि त्याला हाक मारा. आमच्या त्या दरीत आवाज चांगला जायचा. वाडीतल्या बाया या काठावरून त्या काठाला रोज बोलायच्या. दामूने एकदा नुसतं ओरडून विचारलं असतं, “नामा, काय करतोस रं?” तर नामाने तिथूनच सांगितलं असतं.