रंगाच्या डब्यातलं लिंबू

"ही लिंबं कुणी टांगली?"

मिरचीआजीने दारातूनच विचारलं. खांद्यावरची पिशवी अजून खाली ठेवलेली नव्हती, चप्पल पायातच. समोर बाल्कनीत, रंगाच्या मोठ्या डब्यातल्या लिंबाच्या झाडाला लिंबं होती. एखाददुसरं नाही, फांदी वाकेल इतकी.

"टांगली नाहीत, आई. लागलीत," मुलगा म्हणाला. "तू ताईकडे डोळ्यांच्या ऑपरेशनला गेलीस आणि इकडे हे असं."

सुनेने पाण्याचा पेला पुढे केला. तिची नजर मात्र फरशीवर.

आजी मटकन स्टुलावर बसली. हे झाड तिच्या नवऱ्याने लावलेलं. तो रंगारी, घरात रिकाम्या डब्यांना तोटा नव्हता. लिंबू पिळताना बोटाला चिकटलेली बी त्याने सहज एका डब्यातल्या मातीत खुपसली. रोप वाढलं, काटे वाढले, फळाचं मात्र नाव नाही.

"तुमच्यावरच गेलंय," आजी म्हणायची. "अंगाने वाढतंय, उजेड काही पडत नाही."

"बीचं झाड वेळ घेतं गं," तो हसायचा. "तुझ्या जिभेइतकं आंबट व्हायचंय त्याला. सोपं आहे का ते?"

तो गेला तरी झाड रिकामंच होतं. त्यानंतर आजीने झाडाला टोमणा मारला नाही. त्या वाटणीचे टोमणेही सुनेला मिळाले. पुदिना, गवती चहा, मोगरा यांना कुणीही पाणी घालावं, पण लिंबाला आजीच घालणार. आधी मातीत बोट खुपसायचं, आत कोरडं लागलं तरच झारी उचलायची. ऑपरेशनला जाताना तिने सुनेला ते सगळं दाखवलं आणि वर बजावलं, "एक पान जरी सुकलेलं दिसलं, तर तुझ्या माहेरी जाऊन सांगेन. लेकीला साधं झाड जगवता येत नाही, ती माणसं काय जगवणार."

आता ती उठली. निदान एका लिंबाला हात लावावा म्हणून वाकली, आणि वाकलेलीच राहिली.

मातीच्या जरा वर बुंध्याला गाठ होती. गाठीखाली एका रंगाची साल, वर दुसऱ्या. काटे बारीक, कोवळे. रोप सरळ वाढावं म्हणून नवऱ्याने बांधलेली तार इतक्या वर्षांत सालीत रुतून बसलेली असायची. ती तार आता कुठेच नव्हती.

"हे कलमाचं झाड आहे, त्यांचं बीचं होतं," ती म्हणाली.

"आई, डोळे नवीन आहेत, अजून सवय..."

"डोळेच नवीन आहेत. डोकं जुनंच आहे माझं."

मुलाने तोंड फिरवलं. सून पुढे आली. "मी मारलं, आई."

"पाणी नाही घातलंस?"

"घातलं. सकाळी, संध्याकाळी. ऊन दिसलं की दुपारीही. पानं पिवळी पडली, मला वाटलं तहानलंय. आणखी घातलं. मुळं कुजली."

"बोट घालून बघ म्हणून सांगितलं होतं ना?"

"बघत होते. ओलंच लागायचं. पण तुमचं बोलणं आठवायचं. हात थांबायचाच नाही."

उत्तर जिभेवर तयार होतं. आजीचं नेहमीच तयार असे. पण आज तिची नजर सुनेच्या हाताकडे गेली. झारी सुनेच्या हातात होती खरी, पण तिला तो हात थांबवू कुणी दिला नव्हता?

"रोपवाटिका पालथ्या घातल्या आम्ही," मुलगा म्हणाला. "जुन्याच्याच उंचीचं हवं होतं. मिळालं ते लिंबांसकट. ही म्हणत होती, लिंबं तोडून टाकू. मीच म्हटलं असू देत, तुला बरं वाटेल."

"वाटलं ना," आजी म्हणाली. "इतकं बरं वाटलं की पायातलं बळ गेलं."

मग हळू आवाजात, "जुनं कुठंय?"

सुनेने कपाटामागून जुन्या चादरीत गुंडाळलेलं काहीतरी आणलं. वाळलेला बुंधा, राठ काटे, सालीत रुतलेली तार. "टाकायला निघाले होते," ती म्हणाली. "टाकवेना."

आजीने तो हातात घेतला. काटा टोचला, तरी पकड सैल केली नाही. अंगठा तारेवरून दोनदा फिरवला. मग डब्याशी गेली आणि नव्या झाडाच्या बाजूला, कडेच्या मातीत, तो बुंधा खोल रोवला.

"फांदी वाकलीय. आधार नको तिला?"

बाल्कनीच्या भिंतीतल्या खिळ्याला नवऱ्याचं ब्रश पुसायचं फडकं अजून लटकत होतं. त्याची चिंधी फाडून तिने लिंबांची फांदी जुन्या तारेला बांधली. मग भरलेली झारी सुनेच्या हातात दिली.

"बोट घाल."

सुनेने घातलं. "ओलं आहे."

"मग?"

"मग नाही घालायचं."

"मी ओरडले तरी?"

सुनेने मान वर करून सासूकडे पाहिलं.

"ओरडलात तरी."

"हं," आजी म्हणाली, आणि चप्पल काढायला आत गेली. सुनेने झारी भरलेली तशीच कठड्यापाशी खाली ठेवली.