दुकानाबाहेरचा नळ

आधीच सांगून टाकते, माझी मुलगी काही सत्याचा पुतळा नाही. अभ्यास झाला का विचारलं तर पुस्तक न उघडता ‘झाला’ म्हणेल. मावशीच्या घरचा कप कोणी फोडला विचारलं तर मांजरावर ढकलेल, आणि मावशीकडे मांजरच नाही. पण धावण्याच्या बाबतीत ती एक अक्षर खोटं बोलत नाही. हरली तर सरळ ‘हरले’ म्हणते, वर कुठे चुकलं तेही सांगते. लहानपणापासून पायाला भिंगरी, म्हणून तिचं नावच भिंगरी पडलं. तर या भिंगरीच्या लघवीच्या तपासणीत बंदी असलेलं औषध सापडलं, असा स्पर्धेनंतर फोन आला, तेव्हा मी चक्क हसले. म्हटलं, बाटल्यांची अदलाबदल झाली असणार, आपल्याकडे काय नवीन आहे त्यात!

हसू फार टिकलं नाही. बाटली तिचीच होती.

आणि औषध तरी कुठलं? ताकदबिकद वाढवणारं काही नाही. बीपीच्या म्हाताऱ्यांना देतात ती, लघवी जास्त करवणारी गोळी. आता धडधाकट पोर ती कशाला खाईल? भिंगरीचे प्रशिक्षक, त्यांना आम्ही सगळेच सर म्हणतो, त्यांनी मला समजावलं. दुसरं काही घेतलेलं लपवायला खेळाडू असल्या गोळ्या घेतात म्हणे, म्हणून त्यांच्यावरही बंदी. आता सुनावणी होईपर्यंत मैदानावर पाय ठेवायचा नाही. आणि गोळी पोटात कशी गेली ते समितीला तिनंच पटवून द्यायचं. नाही पटलं तर कित्येक वर्षं धावणं बंद.

‘‘पण सर, तिनं घेतलीच नाही तर ती कसं पटवणार?’’

‘‘तोच तर घोळ आहे ना ताई,’’ सर म्हणाले.

आणि आमचं घर कसलं, तर मेडिकलचं! खाली औषधांचं दुकान, वर आम्ही, मागे परसात बोअरचा पंप. लोकांना आणखी काय हवं? पोरगी जिना उतरली की हाताशी गोळ्याच गोळ्या. शेजारणी तोंडावर ‘अगंबाई, असं कसं झालं’ म्हणायच्या आणि वळल्या की एकमेकींकडे बघायच्या. मला पाठीलाही डोळे आहेत, हे त्यांना माहीत नसावं.

दुकान आप्पांचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं. गल्ल्यावर आता आमचे हे बसतात, पण गिऱ्हाईक आलं की आधी ‘आप्पा आहेत का’ विचारतं. खोकला कोरडा की ओला, पोरगं रडतंय ते पोटानं की कानानं, आप्पांकडे सगळ्याला उत्तर. डॉक्टरकडे जाऊन आलेली माणसंसुद्धा आप्पांना एकदा विचारून मगच गोळी गिळायची. आणि गिळायला पाणी हवं, म्हणून त्यांनी दुकानाबाहेर एक नळ बसवलेला. आम्ही घरात पितो तेच, आमच्याच बोअरचं पाणी. येणारेजाणारे प्यायचे, शाळेची पोरं बाटल्या भरायची, भर उन्हात कधी कुणाला नाही म्हटलं नाही.

आप्पांचा दुसरा हट्ट म्हणजे गोळ्या कुटायचा. कुणाच्या घरचं माणूस गेलं की त्याची उरलेली औषधं लोक पिशवीत घालून आप्पांकडे आणत. ‘आता यांचं काय करू?’ म्हणत. आप्पा पिशवी घेत, स्टुलावर बसवत, गेलेल्या माणसाबद्दल दोन शब्द बोलत. मग दुकान बंद असायचं त्या दिवशी परसात बैठक मारून एकेक गोळी पाकिटातून काढायची, लोखंडी खलबत्त्यात कुटायची, बादलीत कालवायची आणि शोषखड्ड्यात ओतायची. फार पूर्वी कचऱ्यात टाकलेल्या गोळ्या गोड समजून कुणाच्या तरी लेकरानं खाल्ल्या होत्या. लेकरू वाचलं, पण आप्पांनी धसका घेतला तो घेतलाच. ‘‘माझ्या हातून एकही गोळी चुकीच्या तोंडात जायची नाही,’’ असं ते छाती पुढे काढून सांगायचे. आमच्या कोपऱ्यावरचे म्हातारे डॉक्टर वारले, तेव्हा त्यांच्या दवाखान्यातून तर खोकीच्या खोकी आली. आप्पा कितीतरी आठवडे कुटत होते. त्या ठकठकीनं माझं डोकं उठायचं, पण बोलायची सोय नव्हती.

तर मी शोध सुरू केला. पहिला संशय सरांवर. ते धावणं झाल्यावर मुलींना काहीतरी पांढरी पूड पाण्यातून देतात, ती मी मागवली, चाखली, तपासायला दिली. त्यात साखर आणि मीठ. मग भिंगरीच्या त्या मैत्रिणीवर, जी नेहमी हिच्या मागे दुसरी येते. तिच्या आईशी मी भांडून आले, नंतर माफी मागायला जावं लागलं, जाऊ दे ते. ह्यांनी दुकानातली त्या औषधाची पाकिटं मोजली, सगळी जागेवर. ह्यांचं ठरलेलं वाक्य, ‘‘बघू.’’ अहो, काय बघू? पोरगी खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेली, आणि हे बघतायत!

शेवटी तिला हवापालट म्हणून माझ्या बहिणीकडे पाठवलं. तिथे सरांच्या सांगण्यावरून पुन्हा लघवी तपासली, तर साफ! मी पेढे वाटायचीच बाकी होते. मुलगी घरी आली, जरा जेवायला लागली, हसायला लागली. सर म्हणाले, आणखी एकदा तपासू, समितीपुढे दाखवायला बरं. तपासलं. पुन्हा तेच औषध.

‘‘घरी आल्यावरच कसं काय येतं ताई?’’ सरांनी विचारलं. फार हळू आवाजात विचारलं, त्यानंच मला जास्त लागलं.

मला काही सुधरेना. मावशीकडे नाही, घरी आहे. घरात तिला खाऊ घालते कोण? मी. म्हणजे मी तिला गोळ्या चारते की काय? भाकरीचं पीठ मी चाळून पाहिलं. मसाल्याचे डबे ओतून रिकामे केले. दुधवाल्याला इतकं टोचून बोलले की तो दोन दिवस आलाच नाही. रात्री झोप येईना आणि डोक्यात एकच किडा वळवळायचा. मावशीकडे दुकान नाही. घरी आहे. ती खोटं बोलत असेल तर?

आणि ती सरांना भेटायला त्यांच्या घरी गेली तेव्हा मी तिचं कपाट उघडलं. कपडे झटकले, बुटांत हात घातला, उशीची खोळ काढली. काही नव्हतं. मी खोळ परत चढवत होते आणि ती दारात उभी.

‘‘सापडलं का?’’ तिनं विचारलं.

‘‘अगं, मी आवरत होते.’’

‘‘बुटांच्या आत आवरत होतीस?’’

मी उशी पाठीमागे लपवली.

‘‘समितीचं एक वेळ जाऊ दे,’’ ती म्हणाली. ‘‘ते मला ओळखत नाहीत. तू, आई? तू?’’ मग तिचा आवाज चढला. ‘‘तूही दे की लघवी! कळू दे कसं वाटतं ते. अनोळखी बाईसमोर बाटली भरायची, आणि मग सगळ्यांनी चोर म्हणायचं!’’

मीही कमी नाही. म्हटलं, देते. हो, देते! आणि तणतणत लॅबमध्ये गेले, तिच्यासाठी सांगितली होती तीच तपासणी करायला लावली. लॅबवाल्या बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. ‘‘तुम्हीपण धावता?’’ मी म्हटलं, हो, गॅस बंद करायला धावते.

निकाल आला. माझ्यातही ते औषध.

आता बोला! जिना चढले तरी धापा टाकणारी मी, मला काय कुणी पदक देणार होतं? मी त्याच रागात ह्यांना बाटली भरायला लावली. ह्यांच्यातही. आम्ही तिघं स्वयंपाकघरात बसून एकमेकांकडे बघत होतो. ह्यांचं जेवण दुकानात जातं, भिंगरीला सरांनी पथ्य दिलंय, मी उभ्या उभ्या काय मिळेल ते खाते. तिघांचं ताट वेगळं. मग सारखं काय?

भिंगरी उठली, तिनं पेला भरला. ओठाला लावला आणि तसाच धरून राहिली. मागून ठक, ठक, ठक आवाज येत होता. दुकानाला सुट्टी होती.

मी खिडकीपाशी गेले. आप्पा बादलीत कालवलेलं ओतत होते. शोषखड्ड्यावरून चार पावलं टाकली की बोअर. हे सगळं मी लग्न होऊन आल्यापासून बघत आले होते, रोज त्या दोन्हींच्या मधल्या दोरीवर कपडे वाळत घालत होते.

पाण्याचा नमुना त्याच लॅबवाल्या बाईंकडे दिला. त्यांनी फोन करून मला बोलावून घेतलं. तीच गोळी होती, आणि बाईंनी आणखी कायकाय वाचून दाखवलं, साखरेची, झोपेची, फिटची, एक काहीतरी बायकांची. सगळं अगदी नखाएवढं, चिमटीतही येणार नाही इतकं. ‘‘यानं कुणी आजारी पडतं का?’’ मी विचारलं. ‘‘बहुतेक नाही,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पण इतकी सगळी एकत्र, रोज, वर्षानुवर्षं, हे कुणी पाहिलेलंच नाही. त्यामुळे नक्की नाही सांगता येत.’’

घरी आल्यावर ह्यांनी पहिल्यांदाच ‘बघू’ सोडून दुसरं काही म्हटलं. ‘‘आप्पांना कळता कामा नये. आयुष्यभर ज्याचा अभिमान बाळगला तेच असं निघालं तर म्हातारा माणूस खचेल. दुकानावरही गदा येईल. समितीला दुसरं काहीतरी सांगू.’’

‘‘दुसरं काय सांगणार?’’ मी ओरडले. ‘‘ढगातून गोळ्या पडल्या म्हणून?’’

पण खरं सांगते, माझंही मन हेलकावत होतं. एकीकडे पोर, एकीकडे तो म्हातारा, ज्यानं मला या घरात कधी चढ्या आवाजात हाक मारली नाही. कुणाचा हात सोडायचा ते कळेना, नुसतं रडू येत होतं.

‘‘आजोबांचं नाव घ्यायचं नाही,’’ भिंगरी म्हणाली. ‘‘मी गोळी घेतली म्हणून सांगते. चुकून घेतली म्हणते.’’ धावण्याबद्दल एक अक्षर खोटं न बोलणारी माझी मुलगी.

‘‘चुकून कुठली घेतलीस म्हणे?’’ आप्पा दारात उभे होते. हातावर पांढरी पूड तशीच. कधीपासून ऐकत होते देव जाणे.

शेवटी मीच बोलले. सगळं सांगितलं, खड्डा, बोअर, तिघांच्या बाटल्या. आप्पा खुर्चीवर बसले. ‘‘जमीन गाळून घेते ना गं सूनबाई,’’ ते म्हणाले. ‘‘माती सगळं गाळून घेते, असं आम्ही...’’ वाक्य तिथेच राहिलं. मग ते आपल्या हातांकडे बघू लागले. भिंगरीनं ओलं फडकं आणून त्यांचे हात पुसले, तेव्हा त्यांचा बांध फुटला. आप्पांना रडताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

सुनावणीला ते स्वतः आले. पिशवीत खलबत्ता घालून आणला होता. मी म्हटलं, अहो आप्पा, ते लोखंड कशाला? ऐकतील तर शपथ. समितीसमोर टेबलावर त्यांनी तो ठेवला आणि सांगितलं, ‘‘पोरीनं काही घेतलेलं नाही. मी पाजलंय. यात कुटून पाजलंय.’’ समितीच्या बाईंनी पाण्याचा अहवाल वाचला, आम्हा सगळ्यांचे निकाल वाचले, आप्पांना बरंच काही विचारलं. आप्पांनी एकाही प्रश्नाला बगल दिली नाही. भिंगरीवरचा ठपका पुसला गेला. मोठी स्पर्धा हातची गेली, पण मैदान परत मिळालं. बाहेर आल्यावर ती सरांच्या गळ्यात पडली, ह्यांच्या पडली, आप्पांच्या पडली. माझ्याकडे बघून नुसती म्हणाली, ‘‘चल.’’ तेवढ्यानं मी भरून पावले, असं म्हणायला हवं, पण नाही पावले. त्या उशीच्या खोळीचं अजून आमच्यात मिटायचंय.

घरी पोचलो आणि आप्पा कपडेही न बदलता बाहेरच्या नळाशी गेले. पंप आम्ही आधीच बंद केला होता, पण लोक येऊन तोटी फिरवून बघत होते. ह्यांनी ‘नळ बंद आहे’ अशी पाटी लावली होती. आप्पांनी ती काढली. ‘‘बंद आहे एवढंच नाही सांगायचं,’’ म्हणाले, ‘‘का बंद आहे ते सांगायचं.’’ खुर्ची टाकून बसले आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगू लागले. कुणी हसलं, कुणी शिव्या घातल्या, कुणी ‘आमचं तर काही बिघडलं नाही बुवा’ म्हणून गेलं. भिंगरी त्यांच्या शेजारी पायरीवर बसली. मीही बसले.

मग ती पलीकडच्या गल्लीतली बाई आली. रोज मुलीला शाळेतून आणताना इथेच बाटली भरायची. आज मुलगी बरोबर होती आणि हातात नळ बंद व्हायच्या आधी भरलेली, अर्धी उरलेली बाटली. तिनं सगळं ऐकून घेतलं.

‘‘आप्पा, ही पोटात होती तेव्हापासून मी इथलंच पितेय,’’ ती म्हणाली. ‘‘हिला काही होईल का हो?’’

खोकला कोरडा की ओला हे नुसत्या आवाजावरून सांगणारे आप्पा. त्यांनी त्या मुलीकडे पाहिलं, आईकडे पाहिलं.

‘‘मला माहीत नाही,’’ ते म्हणाले.

मुलीनं बाटलीला हात लावला तशी तिनं ती चटकन वर धरली. झाकण उघडलं. गटाराकडे वळली, थांबली. कुंडीकडे वळली, थांबली.

‘‘मग हे ओतू कुठे?’’ तिनं विचारलं.

आप्पा माझ्याकडे बघायला लागले, मी ह्यांच्याकडे.