दहा मीटरांचे रिंगण

पिसे झडू लागली की पेंग्विन तीन आठवडे समुद्रात उतरत नाही. एखादी जागा धरून रुसल्यासारखा उभा राहतो. अंटार्क्टिकातल्या त्या तळावर एका पेंग्विनने या वर्षी धरलेली जागा होती एकमेव रस्त्याच्या मधोमध, तेलाची टाकी आणि जनित्रघर यांच्यामध्ये.

तळप्रमुख उयोआ यांनी तत्काळ त्याच्याभोवती दहा मीटर त्रिज्येचे लाल झेंड्यांचे रिंगण आखले. नियमच तसा होता. तो तळावरच्या वनस्पतिशास्त्रज्ञ नेरेइदा ओयार्सून हिने लिहिला होता, आणि तिला त्याचा अभिमानही होता. तेलाची गाडी रिंगण टाळून डावीकडे वळेपर्यंत. डावीकडे तिचे शेवाळ होते. वर्षाला दीड मिलिमीटर वाढणारे, अकरा उन्हाळे मोजलेले.

"साहेब, गाडी माझ्या शेवाळावरून जातेय!"

"मग कुठून नेऊ, डॉक्टरबाई? उजवीकडे समुद्र आहे." उयोआंनी 'माते' या कडवट दक्षिण अमेरिकी चहाचा घोट घेतला.

"शेवाळालाही संरक्षण आहे. अंटार्क्टिक करारातलं परिशिष्ट दोन."

"परिशिष्ट नंतर वाचू. परवा पाहणी पथक येतंय, कॅमेरे घेऊन. शेवाळाचा फोटो आजवर कुणी काढलाय का?"

"मी. साडेचार हजार."

उयोआंनी सहानुभूतीने मान हलवली. रिंगणात शिरण्याचा परवाना राजधानीतून येई, आणि त्याला सहा आठवडे लागत. पेंग्विनचा मुक्काम तीनच आठवड्यांचा होता.

दुपारपर्यंत शेवाळाच्या कडेला दोन चाकोऱ्या उमटल्या. खोली सहा सेंटीमीटर, म्हणजे चाळीस वर्षे. नेरेइदाने भागाकार दोनदा करून पाहिला. मधला भाग अजून शाबूत होता. गाडीवाला लिनो पुढच्या खेपेसाठी टाकीपाशी नळी गुंडाळत होता.

"लिनो, जरा पाठ फिरव."

"फिरवली. मी काही पाहिलं नाही, डॉक्टरबाई. आणि तुम्ही अजून काही केलंही नाहीत."

नेरेइदाने स्वतःचा नियम ओलांडला आणि आत पाच पावले टाकली. पेंग्विनने चोच वर करून गाढवासारखा आवाज काढला, पाठ फिरवली आणि डुलत डुलत डावीकडे निघाला. मऊ जागा शोधत तो शेवाळाच्या बरोबर मध्यभागी जाऊन उभा राहिला.

"वळू का आता?" लिनोने विचारले.

नेरेइदा पाच पावले मागे सरली.

उयोआंनी झेंडे हलवले. अकरा वर्षे ती ज्या कुंपणासाठी अर्ज करत होती, ते वीस मिनिटांत उभे राहिले. "घ्या, डॉक्टरबाई! झालं की नाही तुमच्या मनासारखं?"

पथक आले, फोटो काढले आणि अहवालात 'मानवी हस्तक्षेप शून्य' असे लिहून गेले. पेंग्विनचा हस्तक्षेप मात्र दिवसातून कित्येकदा पांढऱ्या पिचकारीच्या रूपाने शेवाळावर होत होता. त्यातल्या नत्राने कोणते शेवाळ किती दिवसांत जळते, हे नेरेइदाने स्वतःच प्रसिद्ध केले होते.

तिला परत नेणारे मोसमातले शेवटचे जहाज पेंग्विनच्या आधी निघाले. त्या सकाळी तिने रिंगणाबाहेरून दुर्बीण लावली, बाराव्या उन्हाळ्याचा रकाना उघडला आणि नेटक्या अक्षरात लिहिले: 'संरक्षित असल्यामुळे मोजता आले नाही.'