सत्यभामाबाईंच्या गालावर

मित्रांनो, मी पोलादाची एक जुनी छिन्नी. अकोल्याच्या लोहाराने मला लालभडक तापवून पाण्यात बुडवले, तेव्हापासून माझा स्वभाव कडकच. माझे मालक मूर्तिकार अब्दुल रहीम. मेणाच्या नमुन्यावर ते माती लिंपत, भट्टीत मेण वितळवून काढत आणि त्या पोकळीत पितळ ओतत. बाहेर आलेल्या पुतळ्याचे जादा कंगोरे मी छाटत असे. लोक पुतळ्याची तारीफ करत, माझी कुणी केली नाही.

१९५८ साली तेल्हाऱ्याच्या मुलींच्या शाळेसाठी दिवंगत मुख्याध्यापिका सत्यभामाबाईंचा अर्धपुतळा घडत होता. लेक शालूला देवी आल्या, तेव्हा तिची शुश्रूषा करताना बाईंनाही आल्या होत्या. दोघींचे चेहरे व्रणांनी भरले. ते व्रण रहीमचाचांनी माझ्या टोकाने पितळेत हुबेहूब उठवले.

बाईंचे दीर हरिहर वकील शालूसोबत पुतळा पाहायला आले आणि भडकले.

"हे खड्डे काहून केले? घासून टाक!"

"वकीलसाब, बाईंचा चेहरा असाच होता."

"इथं पोरीचं लग्न जमून नाही राहिलं, आन् तू आमचं व्यंग गावाले दाखवून राहिला!"

शालू म्हणाली, "काका, आईले हे माझ्यापायी झालं. राहू द्या."

"तू चूप बस!"

वकिलांनी मला उचलून हातोडा घातला. मी सटकले. पितळी गालावर खोल चरी पडली, माझे टोक तुटले.

चाचांनी त्यांचे मनगट धरले. "निघा! पुन्हा इथं पाय ठेवाल तर तुमचं वय पाहणार नाही."

वकील शिव्या देत गेले. शालू थांबली. चाचांनी चरीत पितळ ठोकून बसवले, मला घासून नवे टोक काढले.

"चाचा, इथले पुसलेले व्रण मी उठवू?" शालूने विचारले.

चाचांनी मला तिच्या हाती दिले. तिचा घाव नेमका बसला.

अनावरणाच्या दिवशी पुतळ्यावरचे कापड हटताच हरिहर वकील भर सभेत उठले. "ह्या बाईचं आमच्या घरात आता कोणी नाही!"

"मी आहो," शालू म्हणाली. वकील तडक निघून गेले आणि मरेपर्यंत तिच्याशी बोलले नाहीत.

आज मी गंजून पडले आहे. मित्रांनो, आम्हा हत्यारांना तेल लावा, धार राखा. पण डोके तापले असेल तेव्हा आम्हाला हात लावू नका. तेव्हा कुणाचा चेहरा आमच्याखाली आहे, हे तुम्हाला दिसत नाही.